मला तर काही शॉक बसला नाही!

थंडीच्या दिवसांत रात्री रूममधला लाइट घालवा आणि अंगावरचं ते गुबगुबीत सिंथेटिक ब्लँकेट झटकन ओढा. चट् चट् असा आवाज येईल आणि नीट पाहिलंत तर बारीक निळसर ठिणग्याही दिसतील. मी मूळची कोकणातली. आमच्याकडे हवा एवढी दमट की स्वेटर काढताना केस उभे राहणं वगैरे प्रकार मी फक्त इंग्लिश कॉमिक्समध्ये पाहिले होते. पुण्यात आले आणि पहिल्याच डिसेंबरमध्ये आमच्या दाराच्या कडीने माझ्या रूममेटला असा काही चटका दिला, की कडीत करंट उतरलाय म्हणून ती थेट रेक्टर मॅडमकडे निघाली होती!

तर मंडळी, हा लेख त्या चटक्याबद्दल आहे. म्हणजे खरं सांगायचं तर जो चटका बसतो त्याबद्दल नाही, जो बसत नाही त्याबद्दल आहे.

आधी नावाचं पाहू. आम्ही कॉन्व्हेंटवाले याला 'स्टॅटिक' म्हणतो. मराठी माध्यमातून आलेली माझी हीच रूममेट 'स्थितिक विद्युत' म्हणते. शब्द छान आहे, पण लॅबमध्ये कोणीच तो वापरत नाही. त्यामुळे मी इथे सरळ स्टॅटिकच म्हणणार आहे. साठलेला चार्ज एका दणक्यात निघून जातो त्या घटनेला इलेक्ट्रोस्टॅटिक डिस्चार्ज किंवा ई.एस.डी. म्हणतात. आय.सी.च्या पाकिटावर हाताचा पंजा आणि त्यावर मारलेली तिरकी रेघ असं चित्र असतं ना, ते याच्यासाठी. 'हात लावू नका' एवढाच त्याचा अर्थ बरेच जण घेतात आणि मग अर्थातच हात लावतात. हात न लावता आय.सी. बसवणार कसा?

स्टॅटिक 'घासल्याने' तयार होतं असं आपण शाळेत शिकलो. कंगवा केसांवर घासा, कागदाचे कपटे उचला, मार्क मिळवा. पण घासणं हा मुख्य मुद्दा नाहीच. दोन वेगळे पदार्थ नुसते एकमेकांना टेकले आणि वेगळे झाले तरी पुरतं. टेकताना एकाकडचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात, आणि झटकन वेगळं केलं की परत यायला त्यांना वेळच मिळत नाही. घासल्यामुळे फक्त जास्त ठिकाणी टेकलं जातं. म्हणून सेलोटेप रोलवरून ओढली की चार्ज, पॉलिथिनच्या पिशवीतून बोर्ड बाहेर काढला की चार्ज, चप्पल फरशीवरून उचलली की चार्ज, फोमच्या खुर्चीवरून उठलो की चार्ज. (गंमत म्हणजे दोन प्लास्टिक टेकल्यावर नेमकं काय इकडून तिकडे जातं, यावर अजूनही संशोधन चालू आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांना माहीत असलेली ही गोष्ट, आणि अजून पूर्ण उलगडलेली नाही!)

हा चार्ज किती असतो? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० मध्ये एक हँडबुक काढलं होतं. त्यातला एक तक्ता आजही या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडतो. गालिच्यावरून चाललं तर कोरड्या हवेत अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत चढू शकतात आणि दमट हवेत १,५००. व्हायनिलच्या फरशीवर १२,००० आणि २५०. टेबलाशी नुसतं बसून काम करणाऱ्या माणसावर ६,००० आणि १००. टेबलावरची साधी पॉलिथिनची पिशवी उचलली तर २०,००० आणि १,२००. कोरडी म्हणजे १० ते २० टक्के आर्द्रता, दमट म्हणजे ६५ ते ९०. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यातून चार्ज गुपचूप निघून जातो. आमच्या कोकणात चटके का बसत नाहीत त्याचं हे उत्तर.

पुण्यातलं दुर्दैव असं की फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी इथली हवा चांगलीच कोरडी असते, आणि फायनल इयरचे प्रोजेक्ट नेमके त्याच वेळेला जोडले जातात.

आता हजारो व्होल्ट म्हटल्यावर घाबरायला होतं, पण आपण मरत नाही. का? कारण चार्ज अगदी थोडा असतो. माणसाच्या अंगाला एक कपॅसिटर समजा. टेस्टिंगच्या स्टँडर्डमध्ये तो १०० पिकोफॅरडचा धरतात आणि बोटापर्यंतचा रेझिस्टन्स १५०० ओहम. याला 'ह्यूमन बॉडी मॉडेल' म्हणतात. अंगावर ३००० व्होल्ट असतील तर साठलेली ऊर्जा अर्धा सी व्ही स्क्वेअरने येते ०.४५ मिलिज्यूल. अगदी किरकोळ. पण करंट बघा. ३००० भागिले १५००, म्हणजे सुरुवातीला २ अँपिअर! टाइम कॉन्स्टंट १५० नॅनोसेकंद. आपल्या नसांच्या हिशोबात एवढ्याशा वेळात काही घडतच नाही, फक्त बोटाला टोचल्यासारखं वाटतं. ट्रान्झिस्टरच्या हिशोबात मात्र हा भरपूर वेळ आहे.

आता मुख्य गोष्ट. माणसाला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. थोडं इकडे-तिकडे, माणसागणिक फरक. त्याच्या खालचं काहीही आपल्याला कळत नाही. ना आवाज, ना ठिणगी, ना टोचणं. २५०० व्होल्ट अंगावर घेऊन आपण मजेत चहा पीत असतो. आणि कित्येक कॉम्पोनंट त्याच्या कितीतरी खाली मरतात. बऱ्याच आय.सी. २००० व्होल्टच्या ह्यूमन बॉडी टेस्टला पास झालेल्या असतात आणि आता तर बऱ्याच कंपन्या १००० वरच थांबतात. आय.सी. नसलेले, आत काहीही संरक्षण नसलेले सुटे मॉस्फेट १००-२०० व्होल्टलासुद्धा जाऊ शकतात. म्हणजे 'मला तर काही शॉक बसला नाही' हे वाक्य, जे आपल्या लॅबमध्ये रोज कोणीतरी म्हणतं, त्याला पुरावा म्हणून किंमत शून्य आहे. तुम्हाला शॉक बसला असता तर कॉम्पोनंटला कधीचाच बसून गेला असता.

मॉस्फेट एवढा नाजूक का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या गेटच्या खाली सिलिकॉन ऑक्साइडचा एक थर असतो. ऑक्साइड म्हणजे जवळजवळ काच. मोटर चालवायला आपण वापरतो त्या पॉवर मॉस्फेटमध्ये हा थर १०० नॅनोमीटरच्या आतबाहेर असतो. आपला केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आणि हा ऑक्साइड साधारण दर नॅनोमीटरला १ व्होल्ट एवढंच सहन करतो. १०० नॅनोमीटर म्हणजे १०० व्होल्टच्या आसपास खेळ खलास. म्हणून डेटाशीटमध्ये गेट-सोर्स व्होल्टेजची मर्यादा सुरक्षित अंतर ठेवून २० दिलेली असते. प्रोसेसरमध्ये तर हा थर एक-दोन नॅनोमीटरचा असतो, तिथे विचारायलाच नको.

आपण गणितच करून पाहू, एवीतेवी नेटवर्क थिअरीत चार्ज शेअरिंग शिकलोच आहोत. आय.आर.एफ.झेड. ४४ एन हा आपल्या सगळ्या रोबोंमधला लाडका मॉस्फेट. त्याची इनपुट कपॅसिटन्स सुमारे १४७० पिकोफॅरड. समजा तुमच्या अंगावर ५०० व्होल्ट आहेत, जे तुम्हाला मुळीच जाणवणार नाहीत. सोर्स जमिनीला टेकलाय आणि तुम्ही गेटला बोट लावलं. तुमच्या १०० पिकोफॅरडवरचा चार्ज आता १५७० वर पसरेल. ५०० गुणिले १०० भागिले १५७०, म्हणजे जवळजवळ ३२ व्होल्ट. डेटाशीटची २० ची मर्यादा ओलांडली, पण बहुधा वाचेल. आता त्याच्या जागी तो छोटासा काळा २ एन ७००० घ्या. त्याची इनपुट कपॅसिटन्स जास्तीत जास्त ५० पिकोफॅरड. उत्तर येतं ३३३ व्होल्ट. गेला! आणि अंगावर ३००० व्होल्ट असतील तर मोठा ४४ एनसुद्धा १९० च्या वर जातो, म्हणजे तोही गेला. थोडक्यात, जेवढा छोटा आणि जेवढा फास्ट, तेवढा नाजूक.

मग आय.सी. कशा वाचतात? त्यांच्या प्रत्येक पिनपाशी आत छोटे डायोड बसवलेले असतात. पिनवर जास्त व्होल्टेज आलं की ते करंट सप्लायच्या किंवा ग्राउंडच्या लाइनकडे वळवतात. आर.सी.ए. कंपनीने १९६८ मध्ये सीमॉसची ४००० मालिका आणली, तीच जिच्यातली ४०१७ आपण सेकंड इयरच्या काउंटरला वापरतो. स्टॅटिकने पटकन जाणारी जात म्हणून सीमॉसचं नाव सुरुवातीला चांगलंच खराब होतं. आता संरक्षण पुष्कळ सुधारलंय. पण हे डायोड फुकट मिळत नाहीत, ते जागा खातात आणि पिनची कपॅसिटन्स वाढवतात. म्हणून अतिशय वेगवान पिना, अँटेनाच्या पिना इथे संरक्षण मुद्दाम कमी ठेवावं लागतं. निळ्या-पांढऱ्या एल.ई.डी. आणि लेझर डायोडसुद्धा नाजूक, लाल एल.ई.डी. त्या मानाने दणकट. साधे कार्बन रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, स्विच यांना काही होत नाही. त्यांच्याशी खुशाल क्रिकेट खेळा.

इथे एक गोष्ट सांगते. आमच्या क्लबमध्ये गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या दोन दिवस आधी मोटर ड्रायव्हरमधले मॉस्फेट एकामागून एक जायला लागले. बसवले की मीटरवर गेट-सोर्स शॉर्ट. पहिला निष्कर्ष नेहमीचाच निघाला, दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला. दुसऱ्या दुकानातून आणले, तेही गेले. मग सगळ्यांची नजर वळली सेकंड इयरच्या एका मुलाकडे, कारण सोल्डरिंग तो करत होता. 'तूच उलटं कनेक्शन केलंस', 'तुझी आयर्न जास्त वेळ टेकते', जो तो येऊन बोलून गेला. त्याने निमूटपणे कनेक्शन तीनदा तपासून दाखवली, बरोबरच होती. स्पर्धा झाली, आपला रोबो अर्ध्या मैदानात बसला, आणि तो मुलगा नंतर क्लबमध्ये आलाच नाही.

ते सगळे मॉस्फेट एका पांढऱ्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवलेले होते. वर पॉलिथिनची पिशवी. टेबलावर सनमायका, बसायला फोमची खुर्ची, अंगात सगळ्यांच्या क्लबचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट. मी असं म्हणत नाही की ते स्टॅटिकनेच गेले. मोटरच्या स्पाइकनेही गेट फुटतं आणि मेलेला मॉस्फेट मीटरवर दोन्हीकडून सारखाच दिसतो. आत पडलेलं भोक एवढं सूक्ष्म असतं की आय.सी. उघडून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, आणि तो खर्च तीस-चाळीस रुपयांच्या मॉस्फेटसाठी कोणी करत नसतं. पण चार शक्यता असताना त्यातली एक कोणी तोंडातूनही काढली नाही, कारण ती कोणाच्या बोटाला जाणवली नव्हती. बिचाऱ्या मुलाला मात्र सगळ्यांचं बोलणं चांगलंच जाणवलं.

थर्माकोलवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर आपल्या तपकीर गल्लीत, चांगला दुकानदार आय.सी. काळ्या फोममध्ये खोचून देतो. तो काळा फोम कार्बनमुळे थोडासा कंडक्टिव्ह असतो, म्हणजे आय.सी.चे सगळे पाय एकमेकांना जोडलेले राहतात आणि दोन पायांमध्ये व्होल्टेज तयारच होत नाही. आपण रूमवर येतो, फोमचा तुकडा हरवतो आणि दिसायला तसाच म्हणून थर्माकोल वापरतो. थर्माकोल याच्या बरोब्बर उलटा. स्वतः चार्ज होतो आणि तो चार्ज सोडत नाही. काळा फोम नसेल तर साधा उपाय आहे: थर्माकोलवर पोळ्या गुंडाळतात तो ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळा आणि पाय फॉइलमधून आत खोचा. सगळे पाय शॉर्ट. फक्त ज्या बोर्डवर बटन सेल किंवा बॅटरी आहे त्याला फॉइलजवळ फिरकू देऊ नका, नाहीतर बॅटरीच शॉर्ट व्हायची.

आणि चार्ज नेहमी माणसाच्याच अंगावर असतो असंही नाही. आय.सी. प्लास्टिकच्या लांब नळीतून घसरत बाहेर येते तेव्हा ती स्वतःच चार्ज होते. मग तिचा पाय कुठल्याही धातूला टेकला की तिच्यातला चार्ज त्या एका पायातून बाहेर पडतो. इथे १५०० ओहमची त्वचा मध्ये नसते, त्यामुळे सगळं काम एक-दोन नॅनोसेकंदांत आणि कित्येक अँपिअरने होतं. याची वेगळी टेस्ट असते, 'चार्ज्ड डिव्हाइस मॉडेल'. जिथे माणसाऐवजी मशीन आय.सी. उचलतं त्या कारखान्यांना आज जास्त काळजी याचीच असते. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की नळीतून आय.सी. खडखडत स्टीलच्या टेबलावर ओतायच्या नाहीत. शेंगदाणे नाहीत ते.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे कॉम्पोनंट पूर्ण मरत नाही, जखमी होतो. ऑक्साइडमध्ये कमकुवत जागा तयार होते, लीकेज थोडं वाढतं, टेस्टिंगला सगळं ठीक दिसतं आणि तीन आठवड्यांनी, एक्स्टर्नल समोर बसलेले असताना, बोर्ड हात वर करतो. इंडस्ट्रीत याला 'लेटंट डॅमेज' म्हणतात. सुरुवातीलाच मेलेला कॉम्पोनंट त्या मानाने प्रामाणिक म्हणायचा.

आता पिशव्यांबद्दल, कारण इथे भयंकर गोंधळ आहे. गुलाबी पॉलिथिनची पिशवी स्वतः चार्ज होत नाही, एवढंच तिचं काम. बाहेरून आलेला डिस्चार्ज ती अडवत नाही. करड्या-चंदेरी, आरपार अंधुक दिसणाऱ्या पिशवीत धातूचा पातळ थर असतो, ती फॅरडे केजसारखी वागते. रॅम, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड येतात ते याच पिशवीत. पण संरक्षण पिशवीच्या आत आहे, पिशवीच्या वर नाही! कित्येक जण मदरबोर्ड पिशवीतून काढतात आणि त्याच पिशवीवर पसरून पॉवर देतात. नका करू. ती मॅट नव्हे, आणि धातूच्या थरावर चालू बोर्ड ठेवण्यात काय शहाणपण आहे? चालू करायचाच असेल तर त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. आणि पिशवीला भोकं पडली, चुरगळून धातू उडाला की ती बाद.

रिस्ट स्ट्रॅप म्हणजे मनगटावरचा तो पट्टा आणि गुंडाळीची वायर. दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळतो आणि सगळ्या उपायांत सगळ्यात जास्त काम तोच करतो. तो तुम्हाला आणि तुमच्या बोर्डला एकाच पोटेन्शियलवर ठेवतो, त्यामुळे डिस्चार्ज व्हायला फरकच उरत नाही. वायरीत १ मेगओहमचा रेझिस्टर असतो. तो का? तुमचं बोट चुकून २३० व्होल्टला लागलं तर करंट ०.२३ मिलिअँपिअरवर थांबावा म्हणून. हे जाणवण्याच्याही खाली आहे. म्हणूनच साधी वायर मनगटाला गुंडाळून अर्थला जोडणं हा जुगाड जिवावर बेतणारा आहे, कृपया कोणी करू नका. आणि मेनवर चालणाऱ्या उघड्या सर्किटवर काम करताना चांगला स्ट्रॅपसुद्धा काढून ठेवायचा. तिथे जीव आधी, मॉस्फेट नंतर.

स्ट्रॅप विकत घेतलात की मल्टिमीटरने तपासा. आतल्या धातूच्या चकतीपासून क्लिपपर्यंत १ मेगओहमच्या जवळपास आलं पाहिजे. शून्य आलं तर रेझिस्टरच नाही, फेकून द्या. काहीच आलं नाही तर वायर तुटलीय. पट्टा उघड्या त्वचेवर घट्ट हवा, फुल शर्टच्या बाहीवर नाही. आणि ऑनलाइन 'वायरलेस अँटिस्टॅटिक स्ट्रॅप' नावाचा एक विनोद मिळतो, म्हणजे पट्टा आहे पण वायरच नाही. चार्ज जाणार कुठून? हवेत विरून? मोबाइलसारखं सगळंच वायरलेस होत नसतं.

क्लिप कुठे लावायची हा हॉस्टेलमधला खरा प्रश्न. कॉम्प्युटर उघडला असेल तर त्याच्या कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा, रंग दिलेल्या पत्र्याला नाही. आपल्याकडच्या सॉकेटचं बटन फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेलीच राहते. त्यामुळे प्लग आत आणि बटन बंद ठेवलं तर कॅबिनेट अर्थ झालेलं असतं. पण हे वायरिंग सरळ असेल तरच, त्याची खात्री इलेक्ट्रिशियनकाकांकडून करून घ्या. खात्री नसेल तर प्लग सरळ काढा आणि तरीही स्ट्रॅप कॅबिनेटलाच लावा. तुम्ही आणि बोर्ड एका पातळीवर असणं जास्त महत्त्वाचं. खिडकीच्या गजावर किंवा नळावर विसंबू नका. जुन्या इमारतीतले लोखंडी पाइप जमिनीत जायचे, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे असतात.

स्ट्रॅपने एक गोष्ट होत नाही. तो फक्त तुमच्या अंगावरचा चार्ज काढतो. टेबलावरचा पाण्याचा प्लास्टिक ग्लास, सेलोटेप, थर्माकोल, पॉलिएस्टरची ओढणी, हे सगळे इन्सुलेटर. त्यांच्यातून चार्ज वाहतच नाही, मग काढणार कसा? त्यांना निदान एक फूट लांब ठेवणं हाच उपाय. ओढणी खोचून घ्या नाहीतर वरून सुती एप्रन घाला. वर्कशॉपचा तो खाकी एप्रन शेवटी कशाला तरी उपयोगी पडेल.

स्ट्रॅप नसेल तर? टेबलापाशी बसल्यावर आणि दर वेळी उठून परत आल्यावर आधी एखाद्या मोठ्या, अर्थ केलेल्या धातूला हात लावायचा. आमच्या लॅबमधले काका आय.सी.चा ड्रॉवर उघडण्याआधी स्टीलच्या रॅकला हात लावतात, मला आधी वाटलं नमस्कार करतात! बोर्ड दुसऱ्याच्या हातात देताना आधी त्याच्या हाताला हात लावायचा, मग बोर्ड द्यायचा. रॅम कडेने धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट नाही. मॉस्फेट बसवण्याआधी बोर्डवर गेट आणि सोर्समध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आधी सोल्डर करायचा, म्हणजे गेट कधीच अधांतरी राहत नाही. काम सुरू करण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसलीत तर हवेलाही बरं आणि रूमलाही.

दोन पिनांच्या स्वस्त सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्थ केलेलं नसतं आणि त्यावर मेनमधून थोडं व्होल्टेज उतरतं. तीन पिनांची घ्या. नाहीच जमलं तर जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक करायचे तसं करा, आयर्न तापली की प्लग काढायचा, मॉस्फेटचे तीन पाय डागायचे, परत लावायचा. वेळ लागतो, पण चालतं.

शेवटी त्या लॅपटॉपबद्दल, कारण हॉस्टेलमध्ये हा प्रश्न सगळे विचारतात. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की बारीक झिणझिण्या येतात. हे स्टॅटिक नव्हे. स्टॅटिकचा चटका एकदाच बसून संपतो, ही झिणझिण सतत असते. चार्जरच्या आत मेन आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, आणि अर्थिंग नसलं की त्यातून लॅपटॉपच्या बॉडीवर शंभरेक व्होल्ट ए.सी. येऊन बसतात. करंट फार थोडा, त्यामुळे चार्जर चांगला असेल तर माणसाला सहसा काही होत नाही. पण तुमचा प्रोजेक्ट दुसऱ्या बाजूने ऑसिलोस्कोपमधून अर्थ झालेला असेल आणि तुम्ही त्यात लॅपटॉपची सिग्नलची वायर आधी खुपसली, तर तो फरक त्या बिचाऱ्या पिनमधून निघतो. म्हणून ग्राउंडची वायर नेहमी आधी जोडायची आणि शेवटी काढायची. यू.एस.बी.च्या प्लगमध्ये ही सोय केलेलीच असते. आत डोकावून बघा, कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोन डेटाच्या पट्ट्यांपेक्षा थोड्या लांब असतात, म्हणजे ग्राउंड आधी टेकतं. जंपर वायरींना ही अक्कल नसते, ती आपण वापरायची.

आणि झिणझिण्या येत असतील तर आधी एक्स्टेंशन बोर्ड बघा. आमच्या मजल्यावर आम्ही सात बोर्ड उघडून पाहिले. तीन बोर्डांत तीन भोकांचं सॉकेट होतं, पण आत वायर दोनच.